‘ती वेडी नाही’ म्हणून भागणार नाही

(धंतोली, नागपूर येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. ज्या बायकांविषयी सांगितले आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आज इथे येताना आपण सगळ्याजणी धंतोलीच्या गल्ल्यांतून आलो. दर दोन घरांआड दवाखान्याची पाटी. हाडांचे डॉक्टर, हृदयाचे डॉक्टर, लहान मुलांचे, डोळ्यांचे. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, पलीकडे छिंदवाडा, बालाघाटपासून लोक इथे येतात. पानठेल्यावर उभे राहून मोठ्याने विचारतात, “हाडाचा डॉक्टर कुठी बसते जी?” पानठेलेवालाही तेवढ्याच मोठ्याने सांगतो. पण मनाच्या डॉक्टरचा पत्ता कोणी मोठ्याने विचारताना मी ऐकलेलं नाही. चिठ्ठी पुढे केली जाते, आवाज खाली जातो, आणि सोबतचा माणूस उगीचच म्हणतो, “आमच्या शेजारणीसाठी विचारून राहिलो.”

या खाली गेलेल्या आवाजाबद्दल मला आज बोलायचं आहे. घरच्यांचा आवाज खाली जातो, त्याबद्दल बोलेनच. पण आपल्या चळवळीचा आवाजही इथे खाली जातो. त्याबद्दल आपण आपापसात फारसं बोललो नाही, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

एम. एस. डब्ल्यू. होऊन मी सल्ला केंद्रात नवीनच लागले होते. तालुक्याच्या गावाहून एक बाई आली. तिशीच्या आतली, एक मुलगा. नवऱ्याने माहेरी आणून सोडली होती आणि घटस्फोटाचा अर्ज केला होता. अर्जात लिहिलं होतं, बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. आपल्यापैकी प्रत्येकीने असे दहा-वीस अर्ज पाहिले असतील. नांदवायचं नसलं की बाई वेडी, मारहाणीची तक्रार केली की वेडी, हिश्श्याची जमीन मागितली की वेडी. त्यामुळे आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. माझीही तीच झाली. मी म्हटलं, “कोण म्हणतं तुम्ही वेड्या आहात? तुम्हाला काही झालेलं नाही.”

तेव्हा तिने पिशवीतून कागद काढले. दोन वर्षांचे औषधांचे कागद. मुलगा झाल्यानंतर तिला काही महिने कानात आवाज येत होते, झोप उडाली होती, भावाने नेऊन उपचार सुरू केले होते. गोळ्यांनी बरं वाटत होतं. ती स्वयंपाक करत होती, शेतात जात होती, मुलाचं करत होती. मी ते कागद पाहिले आणि घाबरले. वाटलं, हे समोरच्या वकिलाच्या हाती लागले तर केस गेली. मी तिला सांगितलं, “हे घरी ठेवा. कोणाला दाखवू नका.” गोळ्या बंद करा असं मी म्हटलं नव्हतं. पण कागद लपवायचे तर डॉक्टरकडे जाणंही लपवायचं, आणि डॉक्टरकडे जाणं लपवायचं तर गोळ्या आणायच्या कुठून? हा साधा हिशेब मी केला नाही. तिने केला.

चार महिन्यांनी भाऊ तिला घेऊन आला. ती आठवडाभर झोपली नव्हती. शेजारचे लोक भिंतीतून आपल्याबद्दल बोलतात असं सांगत होती. भाऊ माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. पण ती स्वतःच म्हणाली, “ताई, तुमीच तं सांगतलं होतं, तुले काई नाई झालं म्हून.”

नंतर मेडिकलमध्ये तिचे उपचार पुन्हा सुरू झाले. घडी बसायला सहा महिने लागले. मुलगा तेवढे दिवस मामीकडे राहिला. ते सहा महिने नवऱ्याने घेतले नाहीत. ते माझ्या सल्ल्याने गेले.

मैत्रिणींनो, ‘ती वेडी नाही’ हे आपलं वाक्य नवऱ्याच्या खोटेपणाला उत्तर म्हणून बरोबर आहे. पण त्या वाक्यात आपण नकळत एक गोष्ट मान्य करून टाकतो. ती ही की, वेडी असती तर तुमचं बरोबर होतं. वेडी असती तर तिला टाकायला हरकत नव्हती. मग जी खरोखर आजारी आहे तिने आपल्याकडे यायचं तरी कसं?

शिवाय ज्या भीतीपोटी मी कागद लपवायला लावले, त्या भीतीला कायद्यात वाटतो तेवढा आधार नाही, हे मला उशिरा कळलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे हे खरं. पण नुसता आजार पुरत नाही. तो अशा स्वरूपाचा आणि इतका तीव्र असला पाहिजे की, जोडीदाराने सोबत राहावं अशी रास्त अपेक्षाच करता येऊ नये. १९८८ साली रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ‘स्किझोफ्रेनिया’ हा नुसता शिक्का लावून घटस्फोट मिळणार नाही, आजाराची तीव्रता सिद्ध करावी लागेल. २०१३ साली कोल्लम चंद्रशेखर विरुद्ध कोल्लम पद्मलता या खटल्यातही याच कारणावरून नवऱ्याने मागितलेला घटस्फोट न्यायालयाने नाकारला. हा उपचारांनी आटोक्यात राहू शकणारा आजार आहे, हे त्यात लक्षात घेतलं गेलं. म्हणजे नियमित उपचार घेणाऱ्या बाईचे कागद हे तिच्या बाजूचे कागद ठरू शकतात. मी ते तिच्या विरुद्धचे समजून पेटीत ठेवायला सांगितले.

आता मदत मिळवण्याच्या वाटेत काय काय आडवं येतं ते पाहू. सगळ्यात आधी येतो शब्द. आपल्या शहरात छिंदवाडा रोडला एक चौकच आहे, पागलखाना चौक. ऑटोवाल्याला तसंच सांगावं लागतं. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय दीडशे वर्षांहून जुनं आहे. महाराष्ट्रात अशी सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि हे आपलं. पाटीवरचं नाव बदललं, जिभेवरचं बदललं नाही. ‘पागलखान्यात नेऊन टाकीन’ ही धमकी विदर्भातल्या किती घरांत रोज दिली जाते! जी जागा आयुष्यभर धमकी म्हणून ऐकली, तिथे आजारी पडल्यावर आपल्या पायाने कोण जाईल?

दुसरा अडथळा सोबतीचा. घरातला मुलगा किंवा नवरा आजारी पडला तर आई येते, बायको येते, मंगळसूत्र मोडून येते. बाई आजारी पडली तर तिला माहेरी पाठवतात. दवाखान्यात तिला भाऊ आणतो, म्हातारा बाप आणतो. नवरा आणतो तो क्वचित. माहेरी वहिनी असते, तिचीही ओढाताण असते. ‘तिला घेऊन गेले तर चूल कोण पेटवेल’ हा प्रश्न पुरुषाच्या आजारात कोणी विचारत नाही.

तिसरा अडथळा लक्षणं ओळखण्याचा. आपल्याकडे बाई ‘मला उदास वाटतं’ असं म्हणत नाही. ती म्हणते, डोकं भणभण करते, हातपाय गळून जातात, छातीत धडधड होते. तिला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, सलाईन लागतं, ती घरी जाते. बाळंतपणानंतर दर हजारात एक-दोन बायकांना तीव्र मानसिक आजार होतो. बहुतेक वेळा तो पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो, आणि वेळेवर उपचार मिळाले तर तो चांगला बरा होतो. पण त्या दोन आठवड्यांत घरात काय चर्चा असते? ओल्या बाळंतिणीला बाहेरचं लागलं, ही.

चौथा अडथळा खुद्द औषधांचा. मानसिक आजाराच्या काही औषधांनी वजन वाढतं. काहींनी पाळी थांबते, दूध येतं. हे आधी सांगितलं असतं तर बाई घाबरली नसती, आणि औषध बदलूनही देता येतं. पण गर्दीच्या ओ.पी.डी.त तिला कोणी सांगत नाही. पुरुष डॉक्टरांसमोर, सासऱ्यासमोर ती विचारत नाही. मग ती कोणाला न सांगता गोळ्या सोडते आणि फाईलवर शेरा पडतो, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’.

पाचवा अडथळा लग्नाचा. ‘लग्न करून द्या, सगळं ठीक होते’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. मुलीचा आजार लपवून लग्न लावतात. सासरी गोळ्या घ्यायच्या कशा? म्हणून हळदीच्या दिवशीच गोळ्या बंद होतात. जागरण, नवं घर, आणि औषध नाही. महिन्याभरात आजार उलटतो. मग फसवणूक झाली म्हणून सासरचे कोर्टात जातात आणि मुलगी दोन्ही घरांना नकोशी होते. इथे मुलीच्या आईबापांशीही आपल्याला स्पष्ट बोलावं लागेल. आजार लपवणं ही मुलीची काळजी नव्हे.

याचा शेवट कुठे होतो? २०२१ साली देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यातल्या २३,१७८, म्हणजे निम्म्याहून जास्त, गृहिणी होत्या. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबद्दल आपण बोललो, मोर्चे काढले, ते बरोबरच होतं. पण चुलीपाशी संपलेल्या या बायकांसाठी मोर्चा निघाला नाही. आणि हुंड्याचा, मारहाणीचा संशय नसेल तर आपणही फाईल बंद करतो.

देवस्थानांबद्दल बोलल्याशिवाय विषय पुरा होत नाही. आपल्या भागात असं गाव नाही जिथून कोणी दर्ग्यावर, मठात, महानुभावांच्या देवळात ‘लागिर’ उतरवायला गेलं नाही. मी विज्ञान मानणारी बाई आहे. पण तिथे जाणाऱ्या बाईला हसणं मी सोडून दिलं आहे. दवाखान्यात तिला पाच मिनिटं मिळतात. तिथे तिला महिनाभर राहता येतं, रडता येतं, ओरडता येतं, सासूचं नाव घेऊन शिव्या देता येतात आणि कोणी तिला दोष देत नाही. व्हिएडा स्कल्टन्स या अभ्यासक बाईंनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रातल्या एका महानुभाव देवळात अभ्यास केला. त्यांना दिसलं की, आजारी माणसाची सेवा करायला आलेल्या आया आणि बायका स्वतःच घुमू लागतात. घरच्या माणसाची पीडा आपल्या अंगावर यावी, तो सुटावा, म्हणून. म्हणजे आजारातही त्यागाचा वाटा बाईचाच!

तिथे मिळणारा दिलासा खरा आहे. पण साखळीही खरी आहे. तामिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं पळता न आल्यामुळे जळून गेली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा गुन्हा ठरवला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही कोणत्याही रीतीने साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे. म्हणून गावात मी एवढंच सांगते: देवाला जा, पण गोळी सोडू नका, आणि कोणी साखळी काढली तर आम्हाला निरोप द्या. ‘देव की डॉक्टर’ असा वाद घातला की बाई आपल्याकडे येणंच बंद करते.

हा २०१७ चा कायदा आपल्या हातात असायला हवा. १९१२ साली इंग्रजांनी वेड्यांचा कायदा केला. १९८७ च्या कायद्याने त्याची जागा घेतली, पण बराचसा भर मनोरुग्णालयात कोणाला आणि कसं ठेवायचं यावरच राहिला. २९ मे २०१८ पासून लागू झालेला नवा कायदा आजारी माणसाचे हक्क सांगतो. बायकांच्या दृष्टीने त्यातल्या काही गोष्टी मोलाच्या आहेत. सक्तीने डोकं भादरायला मनाई आहे. पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू संस्थेने दिल्या पाहिजेत. तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सर्वसाधारणपणे तोडायचं नाही. भूल न देता विजेचे झटके द्यायचे नाहीत. मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायची नाही. बाईला तिच्या मर्जीविना दाखल केलं तर तीन दिवसांत मंडळाला कळवावं लागतं. मोफत कायदेशीर मदतीचा आणि गुप्ततेचा हक्क आहे.

गर्भाशयावरून आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना १९९४ सालचं शिरूर आठवेल. तिथल्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही, हे कारण! मतिमंदत्व आणि मानसिक आजार या वेगळ्या गोष्टी आहेत. पण ‘हिला काय कळतं’ म्हणून बाईच्या शरीराचा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा, ही वृत्ती एकच. तेव्हा स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या होत्या. कायद्यातली ही कलमं आभाळातून पडलेली नाहीत.

आणखी एक तरतूद मी प्रत्येक बैठकीत सांगते. कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमू शकते. आपण आजारी पडून स्वतः निर्णय घेऊ शकलो नाही तर कोणी मदत करायची, हे त्यात लिहायचं. ज्याला नेमलं त्याची लेखी संमती घ्यायची. हा प्रतिनिधी नवराच असला पाहिजे असं नाही. बहीण चालते, मैत्रीण चालते. कोणाला नेमलं नसेल तर हा मान नातेवाइकाकडे जातो. आता विचार करा, ज्या नवऱ्याने मारलं त्यानेच उद्या दवाखान्यात तिच्या वतीने सही करायची का? आपल्या प्रत्येक सल्ला केंद्रात हा कागद भरून घेतला पाहिजे.

कायदा आला म्हणून दारं उघडली असं मात्र नाही. मनोरुग्णालयात बऱ्या होऊनही राहिलेल्या बायका आहेत. पत्ता खोटा दिलेला असतो, घर विकून माणसं निघून गेलेली असतात, नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं असतं. पुरुष बरा झाला तर आई नेते. बाई बरी झाली तर तिला नेणार कोण? बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहात, वृद्धाश्रमात हलवण्याचा प्रकार महाराष्ट्रात होत होता. तो थांबवा, असं २०१९ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. परित्यक्तांच्या प्रश्नावर आपण परिषदा घेतल्या. या बायका परित्यक्ताच आहेत. फक्त त्यांना माहेरी सोडलं नाही, वॉर्डात सोडलं.

काही होऊच शकत नाही असं मात्र नाही, आणि त्यासाठी लांब जायला नको. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी बोलायला लावलं, समुपदेशन गावात आणलं, गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चौघांनी मदत घेतली होती. दीड वर्षात ते प्रमाण सत्तावीसवर गेलं. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथे इमारती बांधल्या नाहीत. ओळखीच्या माणसाने दारात येऊन मोठ्या आवाजात विचारलं, एवढंच. हे काम आपल्या बचत गटांना, महिला मंडळांना येणार नाही का?

आता शेवटचं, आणि हे सांगायला मला बराच वेळ लागला. दुसऱ्यांना सांगणारी मी, माझं काय? काही वर्षांपूर्वी लागोपाठ तीन जळिताच्या केसेस हाताळल्यानंतर माझी झोप गेली. सकाळी उठवेना. जेवण कडू लागे. एका मैत्रिणीने ओढत डॉक्टरांकडे नेलं. नैराश्य होतं. दीड वर्ष मी गोळ्या घेतल्या. दवाखाना इथेच, धंतोलीत होता. मी स्कूटर दोन गल्ल्या अलीकडे लावायची. नागपूरच्या उन्हात सगळ्याच मुली तोंडाला ओढणी बांधतात; मी जानेवारीतही बांधायची. ओळखीचं कोणी भेटलं तर सांगायची, दातांच्या डॉक्टरकडे आले होते. सभांमधून ‘लाज कसली?’ विचारणारी मी! मला भीती वाटायची, संघटनेत कळलं तर म्हणतील, हिला आता केस देऊ नका. आणि खरं सांगते, मीही दुसरीबद्दल तसंच म्हटलं असतं.

म्हणून आज ओढणी सोडून बोलते आहे. मी उपचार घेतले, मला बरं वाटलं, मी कामावर आहे. पुन्हा गरज पडली तर पुन्हा जाईन, आणि स्कूटर दारातच लावीन.

मला माहीत आहे, काहीजणी म्हणतील, बाईला गोळी कशाला, तिला न्याय द्या. नवरा मारतो म्हणून ती उदास आहे, समाज बदला. खरं आहे. पुण्याच्या भार्गवी दावर यांनी आपल्या आईचे मनोरुग्णालयातले हाल पाहिले होते. त्यांनी १९९९ मध्ये बापू ट्रस्ट सुरू केला आणि बाईच्या प्रत्येक दुःखावर आजाराचं लेबल लावणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारला. तो जाब विचारत राहिलाच पाहिजे. पण हाड मोडलेल्या बाईला आपण म्हणतो का, आधी नवऱ्याला शिक्षा होऊ दे, मग प्लास्टर घालू? तिला प्लास्टरही घालतो आणि ठाण्यात रिपोर्टही लिहितो. इथेही दोन्ही करायचं आहे.

तेव्हा इथून जाताना चार गोष्टी ठरवू या. सल्ला केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला ‘झोप लागते का, जगावंसं वाटतं का’ हे विचारायचं. उपचारांचे कागद लपवायला सांगायचे नाहीत. वकिलांशी बोलून ते नीट लावायचे. मेडिकल, मेयो किंवा जिल्हा रुग्णालयाच्या ओ.पी.डी.ला पहिल्यांदा जाणाऱ्या बाईसोबत आपल्यापैकी एकीने जायचं, आणि १४४१६ हा टेलि-मानसचा फुकट फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायचा. आणि महिन्यातून एकदा आपणच एकमेकींना विचारायचं, तुझं कसं चाललंय?

ती तालुक्याची बाई मला अजून भेटते. मुलगा आता मोठा झाला आहे. मागच्या खेपेला तिने आपल्या गावातल्या एका पोरीला सोबत आणलं होतं. पोर दारात घुटमळत होती. ही तिला म्हणाली, “ये ना वं, लाजते कायले? मी बी गोळी घेतो.”

आवाज मुळीच खाली नव्हता.